खोबरेल तेलाने गाडीचा वेग दुप्पट होत नाही

मे महिन्याची सुट्टी आणि गणपती, या दोन्ही वेळी दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कितीतरी घरांत ओटीवर नारिंगी ट्रॅक अंथरला जातो. चाकरमान्यांची मुलं मुंबईहून आपल्या छोट्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) गाड्या घेऊन येतात, गावातली मुलं आपल्या काढतात आणि शर्यती सुरू होतात. आता यात मोठी माणसंही हिरीरीने उतरतात. मला त्याचा आनंद आहे, म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे फिरणाऱ्या एका मेसेजला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. मेसेज थोडक्यात असा:

‘गाडी स्लो पळते? चाकाच्या अ‍ॅक्सलवर खोबरेल तेलाचे नाहीतर डब्ल्यूडी-४०चे चार-पाच थेंब सोडा. स्पीड डबल! जेवढं तेल जास्त तेवढी गाडी सुसाट. ग्रॅफाइट पावडर कोकणात चालत नाही, दमट हवेत तिचा चिखल होतो. तेलाने गंजही लागत नाही. एकदा केलं की कायमचं काम. खात्री करायची तर बोटाने चाक फिरवून बघा.’

यातली गंजाची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं चूक आहे आणि त्यापायी गाड्या खराब होतात.

आधी ‘स्पीड डबल’ घेऊ. उतारावरच्या शर्यतीत गाडीला इंजिन नसतं, तिच्याकडे असते फक्त उंची. ट्रॅकचं वरचं टोक शेवटच्या रेषेपेक्षा १ मीटर उंच असेल, तर घर्षण आणि हवेचा विरोध शून्य धरूनही गाडी सेकंदाला सुमारे ४.४ मीटरपेक्षा जास्त वेग गाठू शकत नाही. मग वंगणाने वाचवायचं तरी किती? चाकाचा व्यास १० मिलिमीटर आणि चाक ज्याभोवती फिरतं त्या अ‍ॅक्सलचा १ मिलिमीटर धरा. अ‍ॅक्सलपाशी घर्षणाचा गुणांक (घर्षण भाराच्या किती हिश्श्याइतकं ते सांगणारा आकडा) ०.२ असला तरी चाक दहापट मोठं असल्याने त्याच्या कडेला तो दहा पटींनी कमी, म्हणजे ०.०२ इतकाच जाणवतो. ट्रॅक ६ मीटर लांब असेल तर घर्षण त्या १ मीटर उंचीपैकी साधारण १२ सेंटिमीटर खातं. उत्तम वंगणाने ते निम्मं केलं, तर शेवटचा वेग तीनेक टक्क्यांनी वाढतो. घर्षण अगदी नाहीसं झालं तरी वाढ सात टक्क्यांच्या आतच राहते.

तीन टक्के म्हणजे थोडं नाही. एवढ्या लांबीच्या ट्रॅकवर तेवढ्याने गाडीच्या लांबीइतका फरक पडतो, आणि शर्यत तेवढ्यावर जिंकली किंवा हरली जाते. वंगणाला महत्त्व आहे ते यामुळे. पण वेग दुप्पट व्हायचा, तर गाडीची तीन चतुर्थांश ऊर्जा आधीपासून वाया जात असली पाहिजे. इतकी अडणारी गाडी तेलाच्या अभावी अडत नाही. तिचा अ‍ॅक्सल वाकलेला असतो, चाक बॉडीला घासत असतं, नाहीतर अ‍ॅक्सलभोवती केस गुंडाळलेला असतो. हा केस तर फारच जणांच्या नजरेतून सुटतो. गाडी उलटी करून उजेडात धरा आणि चाक जरा बाहेर ओढा. चाक आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत बहुतेक वेळा घरातल्याच कोणाचा तरी लांब केस आणि गोधडीचा कापूस सापडतो. टोकदार चिमट्याने तो काढला की पुष्कळ गाड्या तिथल्या तिथे सुधारतात.

या गाड्या मुळात कशाने पळतात, हे इतिहासातही दिसतं. मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये हॉट व्हील्स आणल्या, तेव्हा त्यांचा वेग पाहून लोक चकित झाले. त्यांच्यात बारीक तारेचे अ‍ॅक्सल होते आणि चाकाच्या आत डेलरिन या कमी घर्षणाच्या प्लास्टिकचं बुश, म्हणजे अस्तरासारखी छोटी नळी, होतं. अ‍ॅक्सल बारीक असला की वर सांगितलेलं व्यासांचं गुणोत्तर गाडीच्या बाजूने झुकतं. मॅचबॉक्सनेही १९६९ मध्ये बारीक अ‍ॅक्सलच्या सुपरफास्ट गाड्या आणून त्याला उत्तर दिलं. म्हणजे स्पर्धा झाली ती अ‍ॅक्सलच्या जाडीवर आणि बुशच्या प्लास्टिकवर.

आता ‘जेवढं तेल जास्त तेवढी गाडी सुसाट’. याचं उत्तर जरा खोलात जाऊन द्यावं लागतं, कारण तेल वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. सेकंदाला ४ मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचं १० मिलिमीटरचं चाक मिनिटाला ७,६०० च्या आसपास फेरे घेतं. या वेगात अ‍ॅक्सल आणि चाकाचं भोक यांच्यात तेलाचा अगदी पातळ थर असेल तर तो मदतच करतो. अमेरिकेत लाकडी गाड्यांच्या पाइनवुड डर्बी शर्यतींत काही जण क्रायटॉक्स नावाचं तेल वापरतात, पण ते डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकंच लावतात. चार-पाच थेंब सोडले की तेल भोकात मावत नाही. ते बाहेर येऊन चाकाची आतली बाजू आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत भरतं, शिवाय अ‍ॅक्सलचं चपटं डोकं आणि चाकाचा मध्य यांच्यामध्येही बसतं. अशा चकतीसारख्या फटीत तेलाचा अडसर त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. तेल मध्यापासून दुप्पट दूर पसरलं तर तो सोळा पट होतो. गाडीचं वजन जेमतेम ३५-४० ग्रॅम, एका चाकावर दहाएक ग्रॅम. एवढ्या हलक्या गाडीला हा अडसर जाणवतो, आणि भोकात जेवढं वाचवलं तेवढं बाहेर गमावलं जातं.

त्यात आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ. अंगणातून ओटीवर आणि ओटीवरून ट्रॅकवर ती येतेच. कोरड्या अ‍ॅक्सलवरून ती बरीचशी झडून जाते, तेलकट अ‍ॅक्सलवर मात्र चिकटून बसते. तेल पाजलेल्या गाडीच्या चाकामागून कापसाची बारीक काडी फिरवली की काळपट लाल, बोटाला खरखरीत लागणारी पेस्ट निघते. शर्यतभर चाक तिच्यातच फिरत असतं.

खोबरेलाचं आणखी एक आहे. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. पौषातल्या पहाटे बाटलीतलं तेल पांढरं होतं, हे कोकणात कोणाला सांगायला नको. अ‍ॅक्सलवरच्या तेलाचंही तेच होतं. थंडीत सकाळी लावलेल्या शर्यतीत ती गाडी ढकलावी लागते.

डब्ल्यूडी-४० हे चांगलं उत्पादन आहे, फक्त त्याचं मुख्य काम वेगळं. १९५३ मध्ये सॅन दिएगोत ते तयार झालं, धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, आणि पुढे अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. त्यात वंगण अजिबात नसतं असं काही जण उलट टोकाला जाऊन सांगतात, तेही खरं नाही. त्यातला मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो आणि मागे हलक्या तेलाचा थर राहतो. गेटची कडी किंवा सायकलचा अडकलेला नट यांच्यासाठी ते जरूर घ्या. आपल्या गाडीत अडचण प्लास्टिकची आहे. खेळण्यांत सर्रास वापरलं जाणारं पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक पेट्रोलियम द्रावकांना फार हळवं असतं, आणि ताणाखाली असताना खाद्यतेलानेही त्याला बारीक तडे जातात. अ‍ॅक्सलवर बसलेल्या चाकाच्या मध्याशी असा ताण असू शकतो. तडा केसाएवढा असतो, पण एकदा गेला की चाक लपकायला लागतं आणि त्यावर कुठलंही वंगण चालत नाही. रॉकेल, पेट्रोल आणि थिनर याच कारणासाठी लांब ठेवा.

ग्रॅफाइटच्या मुद्द्यावर मेसेजने सत्य नेमकं उलटं केलंय. दमट हवेत ग्रॅफाइटचा चिखल होत नाही, उलट दमट हवेतच ते नीट काम करतं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे थरावर थर, पत्त्यांच्या गड्डीसारखे. ते एकमेकांवरून सरकतात म्हणून घर्षण कमी होतं. पण नुसत्या थरांवर भागत नाही. थरांच्या उघड्या कडांना हवेतल्या बाष्पाचे रेणू चिकटावे लागतात, तेव्हाच त्या कडा एकमेकींना धरून ठेवत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं फार उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या विद्युत जनित्रातले कार्बनचे ब्रश भराभर झिजून जाऊ लागले. वर हवा अतिशय कोरडी असते, ग्रॅफाइटला बाष्प मिळत नव्हतं आणि वंगणाऐवजी ते घासकागदासारखं वागत होतं. निर्वातातही असंच होतं. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात, कारण त्याला बाष्प लागत नाही, उलट दमट हवेत त्याचं घर्षण वाढतं. तेव्हा कोकण किनाऱ्यावर ऑनलाइन महागडी मॉली पावडर (म्हणजे हेच मॉलिब्डेनम डायसल्फाइड) मागवणाऱ्यांनी विचार करावा. रत्नागिरी-मालवणची हवा ग्रॅफाइटला मानवणारी आहे.

मग ‘चिखल’ दिसतो तो कुठून येतो? आधी तेल घातलेल्या अ‍ॅक्सलवर ग्रॅफाइट टाकलं की त्याची काळी लापशी होते. दोष मिश्रणाचा असतो. ग्रॅफाइट घालायचं तर अ‍ॅक्सल आधी कोरडा ठणठणीत हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून तिन्ही जागा पुसाव्यात: अ‍ॅक्सल, चाकाची आतली बाजू आणि बाहेरच्या डोक्याखालची फट. पूर्ण वाळू द्यावं. मग कुलपात घालतात ती बारीक ग्रॅफाइट पावडर चिमूटभर फुंकावी, चाक फिरवावं, गाडी टिचकी मारून झटकावी आणि हे पुन्हा करावं. ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्या की पावडर चोळली जाऊन अ‍ॅक्सलवर करडी चमक येते. ती चमक हवी, ढीग नको. पेन्सिल घासून हे काम होत नाही, कारण शिशात ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती मिसळलेली असते. पावडर नाकात जाते, म्हणून मुलांना एकट्याने हे करायला देऊ नका.

गंजाचा मुद्दा अर्धा खरा आहे असं वर म्हटलं. तेलाचा थर पोलादाला हवेपासून वाचवतो, हे बरोबर. ग्रॅफाइट ते करत नाही. एवढंच नाही, तर खारट ओलावा असेल तर पोलादाला चिकटलेलं ग्रॅफाइट गंजाला हातभारच लावतं, कारण त्या जोडीत विद्युतरासायनिक क्रियेने झिजतं ते पोलाद. आपल्याकडे खारं वारं थेट घरात येतं. नुसतं मीठसुद्धा हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार त्याच्याही बरंच आधी ओलावतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर अ‍ॅक्सलवर बसलेलं मीठ वाळतच नाही. कोकणात ग्रॅफाइटला खरा आक्षेप घ्यायचा तर हा घ्यावा, आणि मेसेजमध्ये नेमका तो नाही. यावर उपाय साठवणीत आहे. शर्यती संपल्या की अ‍ॅक्सल अल्कोहोलने पुसून ग्रॅफाइट काढून टाका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर गाड्या ठेवा आणि पुढच्या शर्यतीआधी नव्याने पावडर लावा. खिडकीतल्या शोकेसमध्ये ठेवलेल्या गाडीला तेल पाजलं तरी चाकाबाहेरचं डोकं गंजतंच.

बोटाने चाक फिरवून बघायची परीक्षा लोकांना पटते, कारण चाक खरोखर भिरभिरताना दिसतं. पण त्या वेळी अ‍ॅक्सलवर फक्त चाकाचं स्वतःचं वजन असतं, एक ग्रॅमसुद्धा नाही. ट्रॅकवर त्याच्या दसपट भार येतो आणि घर्षणाचं गणित बदलतं. शिवाय बोटाचा जोर दर वेळी वेगळा. खरी परीक्षा ट्रॅकवर होते. गाडी एकाच उंचीवरून, धक्का न देता सोडायची आणि सपाटीवर किती लांब जाऊन थांबते ते खडूने खूण करून मोजायचं. वंगण लावण्याआधी पाच-सहा वेळा आणि लावल्यावर पाच-सहा वेळा. दोन गाड्यांची तुलना करताना लेनही बदलून बघायची, कारण घरगुती ट्रॅकच्या दोन लेन क्वचितच सारख्या असतात. आधीच्या आणि नंतरच्या खुणा एकमेकींत मिसळल्या, तर वंगणाने काही केलं नाही असं समजावं.

‘कायमचं काम’ कुठल्याच वंगणाने होत नाही. ग्रॅफाइट फेऱ्यांबरोबर झडतं, तेल धूळ धरतं. आणि ज्यांनी मेसेज वाचून आधीच तेल सोडलंय, त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे अल्कोहोलने गाडी स्वच्छ करावी, काडी पांढरी निघेपर्यंत. अल्कोहोल लवकर पेटतं, तेव्हा देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब बसा. चाक ओढून त्याच्या मध्याशी तडा गेलाय का तेही बघा. गेला असेल तर ती गाडी शर्यतीतून काढून शोकेसमध्ये ठेवा.