डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे?

सुळका चढायचा म्हटलं की आधी परवानगीचं खूळ डोक्यातून काढून टाका. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार आत शिरायला परवाना लागतो, असं वनरक्षक सांगू लागला तर त्यालाच विचारा, १६७० साली तानाजींनी कोंढाणा चढताना कुठली पावती फाडली होती? बिचारा निरुत्तर होतो. नोव्हेंबर ते मार्च हा आपला चढाईचा हंगाम; नेमका तेव्हाच लांब चोचीच्या गिधाडांना कपारीत घरटी करायची हौस येते. मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांचा जवळजवळ सुपडा साफ केल्यावर २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. अर्धवट राहिलेलं काम आता ड्रोन उडवून तुम्हीच पुरं करायचं आहे.

पायथ्याचं शेत बांधावरून ओलांडू नका, लांब पडतं. नाचणीतून सरळ जा.

आता दोर. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, स्टॅटिक दोर फारसा ताणत नाही, त्यामुळे लीड करणारा, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढणारा, त्यावर पडला तर सगळा झटका त्याच्या कंबरेला आणि कातळात ठोकलेल्या बोल्टला बसतो. डायनॅमिक दोर ताणून झटका गिळतो, असं जाणते सांगतात. सांगू द्या. कपाटात स्टॅटिक पडलाय ना? झालं तर मग! बोल्टही नवा ठोकायची गरज नाही. कुणी तरी कधी तरी मारलेला असतोच. त्याने किती पावसाळे खाल्ले ते विचारू नये. बाहेर तांबूस पूड दिसते, आत कातळात काय उरलंय ते वजन टाकल्याशिवाय कळणार कसं?

उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारू नका. गाठीपाशी माणूस अडकतो आणि दोर संपला हे त्याला उगाच आधी समजतं. हेल्मेटने रीलमध्ये केस दिसत नाहीत, तेव्हा तेही राहू द्या. आग्या मोहोळाजवळ मात्र भरपूर परफ्यूम मारून जा. माश्या उठल्या की खालचे सैरावैरा धावतात. तुम्ही दोरावर लटकलेले, म्हणजे पळायची दगदग वाचली.

अडकलात तर घाबरायचं कारण नाही. गावातली पोरं आणि बचाव पथकवाले दिवसाची कामं आटोपून, बॅटऱ्या घेऊन, रात्रीचे फुकट वर येतात. आल्या आल्या त्यांना ‘इतका उशीर का?’ असं विचारा आणि प्यायला पाणी मागा. रिकामी बाटली तिथेच कपारीत खोचून या, मागून येणाऱ्यांना वाटेची खूण होते.