जाळीत गेलेलं पाणी कुठे जातं? "मुंबई तुंबते कारण..." या मेसेजला उत्तर

गेल्या आठ दिवसांत एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, गावच्या भावकीच्या, सगळीकडे तोच. "मुंबई तुंबते कारण..." असा सुरू होतो आणि त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. एक, ब्रिटिशांनी बांधलेली गटारं एकदम परफेक्ट होती, नंतरच्यांनी वाट लावली. दोन, पाणी फक्त प्लास्टिकमुळे तुंबतं, नाले साफ केले की विषय संपला. तीन, पाणी साचलं की जवळच्या मॅनहोलचं झाकण उघडा, पाच मिनिटांत रस्ता मोकळा. चार, गटारात जे जातं ते पालिका शुद्ध करूनच समुद्रात सोडते, त्यामुळे प्रदूषणाची ओरड उगाच आहे. पाच, टोकियोसारखा एक मोठा बोगदा बांधला की काम झालं. खाली "पटलं तर पुढे पाठवा". आणि लोकांना पटतंय, पाठवतायत.

मी परळच्या चाळीत वाढलो, लग्नानंतर मुलुंडला आलो, सात वर्षं सोसायटीच्या कमिटीत आहे आणि पावसाळी कामांसाठी वॉर्ड ऑफिसच्या भरपूर चकरा मारल्यात. म्हणून गप्प बसवत नाही.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो कारण तो जिवावर बेतणारा आहे. २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन भागात गुडघ्याच्या वर पाणी होतं, पाणी जावं म्हणून एका मॅनहोलचं झाकण उघडं ठेवलं गेलं, आणि घरी चालत निघालेले एक नामांकित डॉक्टर त्यात पडून वाहून गेले, दोन दिवसांनी मृतदेह वरळीला सापडला. गढूळ पाण्यात उघडं भोक दिसत नाही हो, अजिबात दिसत नाही. त्यानंतर झाकणाच्या खाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली, पण प्रत्येक ठिकाणी असेलच याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. कृपा करून हा सल्ला कोणाला पाठवू नका.

आणि जीव बाजूला ठेवला तरी त्याने पाणी जातं का? रस्त्याच्या मधोमध जी गोल झाकणं असतात त्यातली बरीचशी मलवाहिनीची असतात, म्हणजे संडास-बाथरूमच्या पाण्याची लाईन. ती लाईन माणसांच्या वापराच्या पाण्याच्या हिशोबाने टाकलेली असते, आख्ख्या रस्त्याचा पाऊस तिच्यात ओतला की ती भरते आणि मग पुढे कुठेतरी खालच्या भागात उलटी येते. आमच्या चाळीत तळमजल्यावर हे दरवर्षी व्हायचं. दारातून पाणी यायच्या आधी मोरीतून यायचं, आधी गुडगुड आवाज, मग काळं पाणी हळूहळू वर. आई मोरीच्या भोकात गोणपाट कोंबून त्यावर पाटा ठेवायची, आणि आम्ही पोरं पलंगावर बसून बघायचो की पाटा हलतो का. तेव्हा वाटायचं पाऊस मोरीतून का येतो. आता कळतं की कोणाच्या तरी रस्त्यावरचं पाणी आमच्या मोरीत येत होतं.

आता ब्रिटिशांचं. गटारं चांगली बांधली होती हे खरंय, शहरातल्या विटांच्या कमानीवाल्या जुन्या वाहिन्या शंभर वर्षांवर वय असून अजून काम करतायत. पण त्यांचा हिशोब काय होता ते मेसेजमध्ये नाही. तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही समुद्राला ओहोटी असताना, आणि पडलेल्या पावसातला निम्मा जमिनीत मुरेल असं धरून. त्या काळी ते बरोबरच होतं, वाड्या होत्या, शेतं होती, तळी होती, खाजण होतं. आज मुरायला जागा कुठाय? आमच्याच सोसायटीत आंब्याचं झाड सोडलं तर एक फूट माती उघडी नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, आणि ते बसवायचा ठराव आम्हीच टाळ्या वाजवून पास केलेला. एक हेक्टर जागेवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि थेंबही मुरला नाही तर पाच लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजारवाले पन्नास टँकर, दर तासाला, एका हेक्टरचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यातल्या एका तासात तर १९० च्या आसपास. ती गटारं कोणीही बांधलेली असती तरी त्या दिवशी पुरली नसती.

बरं, यावर काही झालंच नाही का? १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला, त्यात सांगितलं होतं की क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा आणि मुरण्याचा हिशोब सोडून द्या, सगळं पाणी वाहणारच असं धरा. तो अहवाल बारा वर्षं पडून राहिला. २६ जुलैला शेकडो माणसं गेली तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले. राग यायचा असेल तर या बारा वर्षांचा यावा, "ब्रिटिश भारी होते" म्हणून काही हाती लागत नाही.

दुसरा मुद्दा प्लास्टिकचा, हा अर्धा खरा आहे. जाळीवर एक पिशवी चिकटली की तेवढ्या कोपऱ्यात पाणी साचतं, मी स्वतः पायाने सारून पाणी गेलेलं बघितलंय. नालेसफाईत चोरी होते हा रागही खरा आहे, मिठी नदीचा गाळ काढण्याच्या कंत्राटांवरून २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला, त्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. पण "फक्त" हा शब्द चुकीचा आहे. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांमध्ये जिथून पडतं अशी १८६ मुखं आहेत आणि त्यातली बहुतेक भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. म्हणजे साडेचार मीटरची भरती आली की पाणी बाहेर जायचं सोडा, समुद्रच आत यायला बघतो. नाला घासूनपुसून लख्ख केला तरी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले तर पाणी थांबणारच. तिथे दोनच गोष्टी चालतात, दारं लावून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आतलं पाणी पंपाने उचलून बाहेर फेकायचं. म्हणून ती पंपिंग स्टेशनं, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. इर्ल्याचा एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर उचलतो. आठ बांधायची ठरली होती, त्यातली माहुल आणि मोगरा जागेच्या भानगडीत वर्षानुवर्षं रखडली, आणि तिथल्या लोकांनी त्याची किंमत दर पावसाळ्यात मोजलीय.

गाळाबद्दल अजून एक. नाल्यातला गाळ म्हणजे सगळा काही कचरा नसतो, त्यात बांधकामाची माती असते, सिमेंटचं पाणी असतं, रस्त्याची धूळ असते. रेडीमिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी रस्त्याकडेला उभी राहून ड्रम धुते ना, ते पाणी जाळीत जातं आणि आत दगड होऊन बसतं. तो दगड नालेसफाईवाला फावड्याने कसा काढणार? त्यामुळे साइटवरच माती आणि सिमेंट अडवायला लावणं, डंपरची चाकं धुवायला लावणं, न ऐकणाऱ्याला दंड करणं, हे पालिकेचं कामही नालेसफाईइतकंच मोठं आहे, आणि त्याबद्दल कोणी ओरडत नाही.

आता चौथा, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. "गटारात जे जातं ते पालिका शुद्ध करते."

नाही. नाही करत. मुंबईत दोन वेगळ्या लाईनी आहेत. एक मलनिःसारणाची, ती प्रक्रिया केंद्राकडे जाते. दुसरी पर्जन्यवाहिनी, ज्याला वॉर्डातले लोक एसडब्ल्यूडी म्हणतात, रस्त्याकडेची जाळी, तिच्याखालचं गटार, मग नाला, मग खाडी नाहीतर समुद्र, बस. मध्ये प्रक्रिया करणारं काहीही नाही. अडकवलेल्या जाळ्या, तरंगता कचरा अडवणारे बूम, एवढंच, त्याने बाटल्या अडतात, तेल अडत नाही, रंग अडत नाही.

हे मलाही माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी आमच्या बिल्डिंगला रंग काढला, आणि रोज संध्याकाळी रंगारी पोरं ब्रश, रोलर, बादल्या गेटजवळच्या जाळीवर धुवायची. मी चहा घेऊन शेजारी उभा असायचो, पाणी दुधासारखं पांढरं, मग क्रीम, मग विटकरी, आणि मी त्यांना सांगायचो की बाबांनो इथेच धुवा, आवारात सांडू नका. एक दिवस वॉर्डातले एक ज्युनियर इंजिनियर दुसऱ्या कामाला आले होते, त्यांनी ते बघितलं आणि मला विचारलं, साहेब हे कुठे जातं माहितीय का? मी म्हटलं, जाईल की प्लँटला. ते म्हणाले, चला. स्कूटरवर बसवून नाल्याच्या कडेकडेने पूर्वेला घेऊन गेले, शेवटी तिवरं दिसायला लागली. म्हणाले हा आपला नाला, ही ठाणे खाडी, मध्ये काय दिसतंय तुम्हाला? काहीच नव्हतं मध्ये. ज्या खाडीत आम्ही मुलांना फ्लेमिंगो दाखवायला नेतो, २०१५ मध्ये जिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव आलं, तिथे मी महिनाभर डिस्टेंपर पाठवत होतो. फार लाज वाटली.

आणि रंग तर क्वचित कधी. गॅरेजचं काळं ऑइल, हॉटेलांचं उष्टं तेल, तबेल्याचं शेण, टायर-ब्रेकची भुकटी, कुत्र्यांची घाण, हे सगळं आठ महिने रस्त्यावर साचतं आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम धुऊन निघतं, म्हणून पहिल्या सरींचं पाणी सगळ्यात घाण असतं. त्यात वस्त्यांचं सांडपाणी थेट नाल्यात, कारण तिथपर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही, भर मे महिन्यात नाला वाहताना दिसतो तो पाऊस नसतो, ते सांडपाणी असतं. मग तेच पाणी तुंबून आपल्या पायाशी येतं, त्यात उंदरांचं मूत आलं की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. २००५ च्या पुरानंतर लेप्टोने किती माणसं गेली ते परळच्या लोकांना विचारा. तुंबणं आणि प्रदूषण हे दोन वेगळे विषय नाहीयेत, पाणी एकच आहे.

आणि जे प्लँटला जातं त्याचीही गोष्ट ऐका. जुन्या केंद्रांमध्ये बऱ्याच ठिकाणी जाडाभरडा कचरा गाळून बाकीचं लांब पाइपने समुद्रात सोडणं एवढंच व्हायचं. वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ ला झालं, एकूण क्षमता दिवसाला २४६ कोटी लिटरच्या वर. चांगली गोष्ट आहे, पण जाळीत ओतलेला रंग तिथेही जाणार नाही.

टोकियोचं थोडक्यात. तो बोगदा खरा आहे, २००६ ला पूर्ण झाला, ६.३ किलोमीटर लांब, जवळपास ७० मीटर खोल विहिरी, बघून डोळे फिरतात. पण तो छोट्या नद्यांचं पुराचं पाणी घेऊन मोठ्या एदो नदीत पंपाने टाकतो, गल्लीतली गटारं त्याने सुधारत नाहीत, गल्लीतलं पाणी आधी नदीपर्यंत पोचावंच लागतं. आपल्याकडे हिंदमाताला, परळजवळच्या नेहमी तुंबणाऱ्या भागात, त्याच विचाराचं लहान रूप केलंय, मैदानाखाली टाक्या बांधून पाणी तात्पुरतं साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं. भावाकडे परळला जातो तेव्हा तो सांगतो की पाणी आता लवकर उतरतं. पण मोठा पाऊस लांबला की टाकीही भरते.

तर मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर एवढं पाठवा की झाकणाला हात लावू नका, उघडं झाकण दिसलं तर काठी किंवा झाडाची फांदी उभी करा आणि पालिकेच्या १९१६ नंबरला फोन करा. आणि तुमच्या सोसायटीत यंदा रंगकाम असेल तर धुण्यासाठी एक जुना ड्रम ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं पाणी दुसऱ्या दिवशी परत ब्रश धुवायला चालतं, खालचा लगदा वाळवून कचऱ्यात. काही देशांत जाळीशेजारी माशाचं चित्र काढतात, इथे ओतलेलं थेट समुद्रात जातं हे कळावं म्हणून. आम्ही गेटजवळच्या जाळीशेजारी फ्लेमिंगो काढलाय, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने, त्याच उरलेल्या विटकरी रंगात. रंग गुलाबी नाही पण ओळखू येतो, आणि परवा दुधवाला किटली विसळायला तिथे वाकला होता, तो चित्र बघून थांबला आणि मला विचारायला आला की हे काय आहे.