तारली-बांगडा पावसात गटाराची घाण खात नाहीत

‘पावसाळ्यात तारली आणि बांगडा वाहून आलेला गाळ, घाण खातात, म्हणून सरकार मासेमारी बंद ठेवतं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

बाजारातून आणलेल्या तारलीचं कल्ल्याचं झाकण उचलून बघा. आत बारीक कंगव्यासारखे दात दिसतील. तीच तिची गाळणी. पाणी बाहेर जातं, सूक्ष्म वनस्पती आत अडकतात. साफ करताना पोटात जो हिरवट-तपकिरी लगदा निघतो तो बहुतेक याच खाण्याचा. लोक त्यालाच घाण समजतात, याचं फार वाईट वाटतं. बांगड्याची गाळणी जरा जाड, त्यामुळे त्याच्या खाण्यात बारीक कवचधारी जीवही भरपूर असतात.

पावसाळी वाऱ्यांमुळे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं आणि हे खाद्य उफाळतं. म्हणून पावसानंतरची तारली तेलकट, चविष्ट लागते.

पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी मुख्यतः माशांच्या विणीसाठी आहे. खवळलेल्या समुद्रात खलाशांचा जीवही वाचतो, ते वेगळंच.

बोंबील तर गाळणीवालाही नाही. तो शिकारी, जवळा आणि लहान मासे गिळणारा.