सालं निघाली म्हणजे औषध लागू पडलं, असं नाही

ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच दोन ओळी लिहून टाकणार होते. पण शेवटी तुम्ही भाचीचा उल्लेख केलात, तिथे थांबले. तिचा दुसराच आठवडा चालू आहे, चेहरा लाल झालाय, आणि तरी तुम्ही तिला रोज रात्री औषध लावायला सांगताय. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितेय.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं रेटिनॉइड (मुरुमांसाठी चेहऱ्यावर लावायचं, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध) सुरू केल्यावर चेहरा कोरडा पडून सालं निघायला लागली, तर डॉक्टरांना विचारून दोन वेळांमधलं अंतर वाढवा आणि मॉइश्चरायझरची जोड द्या, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन आहेत. सालं निघणं हीच औषध काम करत असल्याची खूण आहे, ती थांबवली तर गुण येणार नाही. मॉइश्चरायझरवर औषध लावणं म्हणजे त्यात पाणी घालणं. आणि मी डॉक्टर नसताना लोकांना घाबरवते आहे. तुम्ही स्वतः दोन महिने सोललेला चेहरा घेऊन वावरलात, आणि आज तुमची त्वचा स्वच्छ आहे.

तुमची त्वचा स्वच्छ झाली याचा मला खरंच आनंद आहे. पण ती औषधामुळे झाली, सालं निघाल्यामुळे नाही. हा फरक पटावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

रेटिनॉइड त्वचेत शिरून पेशींच्या केंद्रकातल्या ग्राहकांना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रिसेप्टर्सना, जाऊन चिकटतं. त्यामुळे नव्या पेशी भराभर तयार होतात, आणि रंध्रांच्या तोंडाशी मृत पेशींचा जो चिकट बूच बसतो तो बसेनासा होतो. मुरुम कमी होतात ते मुख्यतः यामुळे. त्याच वेळी वरच्या थरातल्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते, तो थर पातळ होतो आणि त्वचेतलं पाणी जास्त उडून जायला लागतं. कोरडेपणा आणि पापुद्रे येतात ते इथून. म्हणजे दोन्ही गोष्टींचं मूळ एक असलं, तरी एकीवरून दुसरीचं माप काढता येत नाही.

हे माझं मत म्हणून सांगत नाहीये. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडच्या ०.१ टक्के आणि ०.०२५ टक्के अशा दोन तीव्रता ४८ आठवडे लावून तुलना केली गेली होती. तो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. लाली आणि सालं मात्र तीव्र औषधाच्या गटात स्पष्टपणे जास्त होती. सालं हीच खूण असती, तर जास्त सोललेल्यांना जास्त गुण यायला हवा होता. अभ्यास मुरुमांवरचा नव्हता हे मान्य, पण सोलणं आणि सुधारणा वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात हे त्यातून चांगलं दिसतं.

आता मॉइश्चरायझरचं. इथे तुमचं थोडं बरोबर आहे आणि माझं चुकलंय. आधी मॉइश्चरायझर लावल्याने ‘काहीच फरक पडत नाही’ असं मी ठामपणे लिहिलं होतं. ते तसं लिहायला नको होतं. खाली एक जाड थर, मध्ये औषध आणि वर पुन्हा जाड थर असं केलं तर औषध आत कमी पोचू शकतं. लेखातलं ते वाक्य मी आज बदलते आहे. पण दोन्हींपैकी एकच थर, तोही हलका, आधी किंवा नंतर, ही गोष्ट त्वचारोगतज्ज्ञ स्वतःच सुचवतात. आणि समजा, औषध किंचित कमी पोचलं, तरी सहा महिने नियमित लावलेलं सौम्य औषध हे तीन आठवड्यांत आग सहन न होऊन कपाटात गेलेल्या तीव्र औषधापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. मुरुमांवर खरा फरक दिसायलाच आठ ते बारा आठवडे लागतात. त्वचा सगळ्यात जास्त बिथरते ती पहिल्या काही आठवड्यांत. लोक औषध सोडतात तेही तेव्हाच, गुण दिसायच्या आधी. माझी सगळी धडपड त्यांना त्या आठवड्यांतून पार नेण्यासाठी आहे.

मी स्वतः यातून गेले आहे. दुसऱ्या आठवड्यात जांभई देताना ओठांचा कोपरा चिरला. नाकपुडीच्या कडेला पांढरट पापुद्रा उभा राहिलेला असायचा, तो मी नखाने ओढायचे, आणि खालची जागा ओलसर लाल दिसायची. एका सकाळी साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी गाल चुरचुरले. मला वाटलं, चला, औषध जोरात काम करतंय. डॉक्टरांनी चेहरा पाहिला आणि विचारलं, किती घेता? मी बोट दाखवलं, अर्ध्या पेरावर पट्टी. त्यांनी ट्यूब दाबून वाटाण्याएवढा एक ठिपका काढला आणि म्हणाल्या, अख्ख्या चेहऱ्याला एवढंच. कपाळ, दोन गाल, हनुवटी, नाक, प्रत्येक ठिकाणी त्यातलाच टाचणीच्या डोक्याएवढा टिपूस आणि मग पसरवायचं. मी त्याहून जास्त लावत होते. चार-पाच दिवस औषध बंद केलं, मग आठवड्यातून तीन रात्री सुरू केलं. पुढे त्वचेला सवय होत गेली, तशा रात्री वाढवल्या.

प्रमाण हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. डागापुरतं जास्त लावलं तर तो डाग लवकर जात नाही, तिथली कातडी तेवढी जळते. दुसरं, तोंड धुतल्यावर लगेच लावायचं नाही. ओलसर त्वचेवर औषध जास्त झोंबतं, म्हणून टिपून घेऊन वीस-तीस मिनिटं थांबायचं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवतीचा भाग इथे औषध आपोआप साचतं, म्हणून आधी तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा. मॉइश्चरायझर सुवासाशिवायचं, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, आणि ते दिवसातून दोन-तीनदा लावलं तरी हरकत नाही. स्क्रब, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड, अल्कोहोलवालं टोनर, हे सगळं त्या काळात बाजूला. चेहऱ्यावर वॅक्स तर अजिबात नको, वॅक्सबरोबर कातडी निघून येते. सकाळी सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३०. आणि लाली घालवायला घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नका, हे हात जोडून सांगते. लाली दोन दिवसांत जाते, आणि मग ती ट्यूब सुटता सुटत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी रोज लावायला सांगितलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. मग ते तुमच्यासाठी होतं, ताई. तुम्ही कोणतं औषध लावत होता ते लिहिलं नाहीत. रेटिनॉइडचे प्रकार वेगवेगळे असतात: ॲडापलीन साधारणपणे सौम्य, टॅझारोटीन बरंच तिखट, ट्रेटिनॉइनमध्येही ०.०२५ आणि ०.१ यांत चौपट अंतर. तेलकट त्वचेला जे सहज पेलतं, ते कोरड्या, एक्झिमा झालेल्या त्वचेला पेलत नाही. तुमची मात्रा भाचीला देता येत नाही, ती याच कारणाने.

मी डॉक्टर नाही, हे खरं. म्हणूनच औषध कोणतं घ्यावं, किती टक्क्यांचं घ्यावं, हे मी कधी सांगत नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, हे मात्र प्रत्येक वेळी लिहिते आणि लिहीत राहीन. घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर मला उलट वाटतं. ‘जळलं तरी सहन करा’ हे ऐकून जी व्यक्ती महिन्याभरात औषध फेकून देते, तिला पुढे कोणत्याही उपचाराची भीती बसते.

आता भाचीबद्दल. आज रात्री औषधाची ट्यूब उघडण्याआधी तिला साधं मॉइश्चरायझर लावायला सांगा, आणि झोंबतं का ते विचारा. थोडी सालं आहेत, त्वचा ओढल्यासारखी वाटते, पण झोंबत नाही, असं असेल तर आज सुट्टी द्या आणि एक रात्र सोडून एक रात्र लावण्याबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा. साधं मॉइश्चरायझरही झोंबत असेल, तर वरचा थर उघडा पडलाय. अशा त्वचेवर रेटिनॉइड नको, ते बंद ठेवा आणि उद्या डॉक्टरांना फोन करा. सूज आली असेल, पाणी सुटत असेल, पापण्या फुगल्या असतील किंवा खूप खाज असेल, तर ती ॲलर्जी असू शकते, मग फोनवर न थांबता तिला दाखवायलाच घेऊन जा.

आणि ती किती घेते ते एकदा स्वतः बघा. वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. काय दिसतं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघते आहे.