रॅम्पची सक्ती जुन्या सरकारी इमारतींनाही आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय : दिव्यांगांसाठीच्या सोयी फक्त नव्या सरकारी इमारतींना सक्तीच्या, जुन्यांना नाहीत, बाकी सगळ्या नुसत्या सूचना, रॅम्प बांधला की काम झालं, तोही निधी असेल तरच. गावोगावचे कारभारी आता हाच मजकूर पुढे करतात, म्हणून हे उत्तर.

‘जुन्या इमारतींना सक्ती नाही.’ दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 45 मुळात जुन्या इमारतींसाठीच आहे. या कायद्याचे नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत अस्तित्वातली प्रत्येक सार्वजनिक इमारत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशी करायची होती. नियम आले 15 जून 2017 रोजी, म्हणजे मुदत जून 2022 मध्येच संपली. केंद्र एखाद्या राज्याला मुदतवाढ देऊ शकतं, पण ती प्रकरणागणिक. सरसकट माफी नाही.

‘नुसत्या सूचना आहेत.’ 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच 2017 च्या नियमांतला, सुगम्यतेच्या निकषांचा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्यानं जे बंधनकारक केलं, ते या नियमानं ऐच्छिक करून टाकलं होतं. किमान निकष सक्तीचे करा, असा आदेश केंद्राला मिळाला. या निकालानंतरही ‘सूचना’ म्हणत राहणं हा मला निव्वळ कोडगेपणा वाटतो.

‘रॅम्प बांधलाय ना!’ उताराचं प्रमाण 1:12 हवं, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर उंची, म्हणजे रॅम्प 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब हवा. त्याच पायऱ्यांवर दीड-दोन मीटरचा सिमेंटचा उतार ओतला तर व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःच्या बळावर चढू शकत नाही आणि उतरताना पुढे कोसळायची भीती. त्यात कठडा नाही, खाली दुचाक्या लावलेल्या, वर दाराला उंबरठा, आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवून कुलूप! शिवाय कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. नगरपालिका पाणीपट्टीची सूचना कागदाचा फोटो काढून संकेतस्थळावर टाकते, तेव्हा अंध नागरिकाच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही. तिथे रॅम्प काय कामाचा?

‘निधी नाही.’ महाराष्ट्रात स्थानिक संस्थांना स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. सगळं एकदम जमत नसेल तर त्याचं उत्तर कलम 45(2) मध्येच आहे : प्राधान्यक्रम लावून कृती आराखडा तयार करा आणि प्रसिद्ध करा. प्राथमिक आरोग्य केंद्रं, शाळा, बसथांबे यांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे.

तेव्हा असा मजकूर तुमच्याकडे आला, तर आपल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे माहिती अधिकारात याच आराखड्याची प्रत मागा. आराखडाच नसेल, तर ते लेखी उत्तर जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.