न्यूयॉर्कच्या सबवेचे डबे 1989 मध्ये स्वच्छ झाले, खुनांचा उच्चांक आला 1990 मध्ये

आमच्या सोसायटीच्या बी विंगच्या जिन्यात गेल्या आठवड्यात कुणीतरी काळ्या मार्करने आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या भिंतीवर, चांगलं हातभर लांब. ग्रुपवर फोटो आला आणि पाठोपाठ तो फॉरवर्ड, जो तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा: सत्तरच्या दशकात गुंडांच्या टोळ्यांनी न्यूयॉर्कच्या सबवेचे, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचे, डबे रंगवून आपापल्या हद्दी आखल्या, ही सगळी झोपडपट्टीतली गुन्हेगार पोरं होती, त्या गिचमिडीत कला वगैरे काही नव्हती, मग महापौर जुलियानी आले, त्यांनी आधी डबे पुसले आणि शहरातली गुन्हेगारी आपोआप ओसरली. खाली आमच्या एका काकांची पुस्ती होती: पोरगं सापडलं की सरळ पोलिसांत द्या.

काकांचा राग मला समजतो. रंगकामाला पैसे सगळ्यांनी काढले होते. पण ज्या गोष्टीच्या आधारावर ते एका पोराला पोलीस ठाण्यात पाठवायला निघालेत, ती गोष्टच चुकीची आहे. बहुतेक मुद्दे तपासायला नुसत्या तारखा पुरतात.

जुलियानींनी डबे पुसले आणि गुन्हे थांबले

सगळा फॉरवर्ड या वाक्यावर उभा आहे, म्हणून सुरुवात इथून. रुडी जुलियानी महापौर झाले 1 जानेवारी 1994 रोजी. रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढली गेली 12 मे 1989 रोजी, तेव्हा महापौर होते एड कॉच. म्हणजे जुलियानी खुर्चीवर बसले तेव्हा हे काम होऊन साडेचार वर्षं उलटली होती. ते केलं 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रान्झिट प्राधिकरणाचे प्रमुख म्हणून आलेल्या डेव्हिड गन यांनी, आणि त्यांचं श्रेय त्यांना पुरेपूर द्यायला हवं.

आता डबे स्वच्छ झाल्यावर काय झालं ते पाहा. पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, न्यूयॉर्क शहरात 2,245 खून झाले. शहराच्या इतिहासातला हा सर्वात मोठा आकडा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूटाहून आई-वडिलांबरोबर आलेल्या एका तरुण पर्यटकाचा सबवेच्या फलाटावर खून झाला आणि सगळा देश हादरला. त्या फलाटावर येणाऱ्या गाड्या तोवर स्वच्छ झालेल्या होत्या.

गुन्हे पुढे खरोखर घटले, खूप घटले. पण त्याच्या आधी डेव्हिड डिंकिन्स महापौर असताना हजारो जादा पोलिसांची तरतूद झाली होती, क्रॅक कोकेन या नशेची लाट ओसरत होती, आणि नव्वदच्या दशकात गुन्हे अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत घटत होते. सॅन दिएगोत तर भुयारी रेल्वेच नाही, तिथेही घटले. चित्रं पुसणं हे या सगळ्याचं कारण होतं असं म्हणायला त्या तारखा साथ देत नाहीत.

या फॉरवर्डचं मूळ बहुधा 'फुटक्या खिडक्यां'च्या सिद्धांतात आहे: छोटी बेशिस्त तशीच सोडली की मोठे गुन्हे मागोमाग येतात. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा तो लेख मार्च 1982 मधला. त्यात सबवेवरच्या लिखाणाचा उल्लेख आहे, तो समाजशास्त्रज्ञ नेथन ग्लेझर यांच्या निरीक्षणाच्या आधाराने. म्हणणं असं की लिखाणाने भरलेल्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला वाटतं, इथे कुणाचाच ताबा नाही, कुणीही काहीही करू शकेल. हे प्रवाशाच्या मनातल्या भीतीबद्दलचं विधान आहे. ती भीती खरी होती आणि मी ती नाकारत नाही. पण नाव लिहिणारा मुलगाच पाकीट मारतो किंवा सुरा काढतो, हा अर्थ नंतर चिकटवलेला आहे.

गन यांनी नेमकं काय केलं, तेही या फॉरवर्डमध्ये कुठे येत नाही. त्यांचा नियम साधा होता. एकदा स्वच्छ करून सफाईच्या कार्यक्रमात घेतलेला डबा पुन्हा रंगलेल्या अवस्थेत धावणार नाही; दोन तासांत साफ करा, नाहीतर मार्गावरून काढा. रात्रभर जागून रंगवणाऱ्या मुलाला एकच गोष्ट हवी असायची, सकाळी आपलं नाव शहरभर फिरताना दिसावं. ती गोष्टच त्यांनी काढून घेतली. त्याआधी बारा वर्षं अटका, दंड, कायदे सगळं करून झालं होतं. महापौर जॉन लिंडसे यांनी 1972 मध्ये कडक कायदा आणला, 1973 मध्ये सगळ्या ताफ्याला नवा रंग दिला, तर त्या कोऱ्या डब्यांवर मुलांना आणखी मोठी जागा मिळाली. 1981 मध्ये, कॉच यांच्या काळात, गाड्या उभ्या करण्याच्या कोरोना यार्डाभोवती दुहेरी कुंपण घालून मध्ये कुत्रे सोडले. गन यांच्या काळात याच्या जोडीला अब्जावधी डॉलर खर्चून जुने डबे दुरुस्त होत होते आणि कावासाकीचे 325 नवे स्टेनलेस स्टीलचे डबे येत होते. सबवे सुधारली ती या सगळ्याने मिळून.

टोळ्यांनी हद्दी आखल्या

टोळीची खूण टोळीच्या गल्लीत असते, तरच तिला अर्थ. रेल्वेचा डबा गल्लीत थांबत नाही. 2 आणि 5 नंबरच्या गाड्या ब्रॉन्क्समधून निघतात, मॅनहॅटन ओलांडतात आणि ब्रुकलिनला जातात. ज्याला हद्द आखायची आहे तो आपली खूण शहराच्या या तिन्ही विभागांमधून फिरवणार नाही.

या मुलांना हवं होतं ते याच्या नेमकं उलट: जिथे आपण कधी पाय ठेवला नाही तिथेही आपलं नाव पोहोचावं. नावापुढचा आकडा बहुतेक वेळा राहत्या रस्त्याचा. टाकी 183 म्हणजे वॉशिंग्टन हाइट्समधल्या 183 व्या रस्त्यावरचा ग्रीक घरातला मुलगा; टाकी हे त्याच्या डिमेट्रियस या नावाचं लाडाचं रूप. निरोप्याची नोकरी करताना तो शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने नाव टाकायचा. कल्पना त्याने आधीच्या हुलिओ 204 कडून उचलली होती. त्याहीआधी, 1967 च्या सुमारास, फिलाडेल्फियात कॉर्नब्रेडने हेच सुरू केलं होतं. 21 जुलै 1971 रोजी न्यूयॉर्क टाइम्सने टाकीवर बातमी छापली आणि शेकडो मुलांनी मार्कर उचलले.

काही मुलांची टोळ्यांशी ओळख होती, काही आधी टोळीत होतीही. सत्तरच्या दशकातल्या ब्रॉन्क्समध्ये ते टाळणं कठीण होतं. पण लिहिणाऱ्यांची भेटण्याची जागा होती 149 वा रस्ता, ग्रँड कॉन्कोर्स स्टेशनवरचा एक बाक. वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं तिथे बसून जाणाऱ्या गाड्या बघायची, एकमेकांच्या वहीत सही द्यायची. तो 'रायटर्स बेंच'. स्वतःला ती मुलं 'रायटर' म्हणायची. ग्राफिटी हा शब्द बाहेरच्यांचा.

सगळी झोपडपट्टीतली गुन्हेगार पोरं

त्या काळच्या रायटरांचीच नावं घ्या. टाकी ग्रीक. ट्रेसी 168 गोरा. सीन इटालियन वंशाचा, ब्रॉन्क्सचा. ली किन्योनेस पोर्तोरिकन. लेडी पिंकचा जन्म इक्वेडोरचा, आणि तिच्या आधी बार्बरा 62 आणि इव्हा 62 या मुली होत्याच. फेज टू आणि स्टे हाय 149 कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कमध्ये इतकी मिश्र मुलं एका कामासाठी एकत्र येतील अशा जागा तेव्हा फार नव्हत्या.

त्या गिचमिडीत कला नव्हती

सुरुवातीचे टॅग म्हणजे घाईतल्या सह्या, त्यांना गिचमिड म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण 1972 पासून पुढे काय झालं ते बघा. सुपर कूल 223 ने दुसऱ्या स्प्रे कॅनची रुंद फवारा देणारी टोपी रंगाच्या स्प्रे कॅनवर बसवली, आणि जे नाव रेघेचं होतं ते अंगाचं झालं, आत रंग भरता येऊ लागला. त्याच वर्षी फेज टूने फुगलेली, बुडबुड्यासारखी अक्षरं काढली. काही महिन्यांत सगळे त्यांत आपापली भर घालत होते. मग अक्षरं एकमेकांत गुंतली, त्यांना बाण फुटले, आणि वाचण्यासाठी नजर तयार करावी लागू लागली. दुसऱ्याची शैली उचलली तर 'बाइट' म्हणून नाचक्की. नवशिका तो 'टॉय', मार्गावर सर्वात जास्त नावं ज्याची तो 'किंग'. 1976 मध्ये फॅब्युलस फाइव्ह या गटाने दहा डब्यांची अख्खी गाडी रंगवली.

हे काम कसं व्हायचं ते नीट डोळ्यांसमोर आणा. रात्र, हिवाळा, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन गाड्या. मधली फट इतकी अरुंद की दोन पावलं मागे सरून चित्र बघता येत नाही. वरच्या भागासाठी एक पाय या डब्याच्या कडेला, दुसरा त्या डब्याच्या. खाली गाडीला वीज पुरवणारी सहाशे व्होल्टची थर्ड रेल. आधी फिकट रंगात आराखडा, मग भरणी, आणि शेवटी गडद रेघ, जिथे हात थरथरला तर सगळं गेलं. वहीत वीतभर काढलेलं अक्षर पन्नास-साठ फुटांच्या डब्यावर प्रमाण न बिघडवता उतरवायचं, तेही पूर्ण चित्र एकदाही न बघता. ते दिसायचं दुसऱ्या दिवशी, गाडी उन्नत मार्गावर आली की. शिल्पकार हेन्री चॅलफंट समोरच्या फलाटावर उभे राहून त्या उन्हात भराभर फोटो घ्यायचे आणि तुकडे जोडून अख्खा डबा उभा करायचे. डाँडी या रायटरने 1980 मध्ये रंगवलेला एक डबा छायाचित्रकार मार्था कूपर यांनी रात्रीपासून टिपला. हे डबे काही दिवसांत धुतले गेले. आज आपल्याकडे आहेत ते हे फोटो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी, कुणी न शिकवता, रोमन लिपीच्या वळणात केलेला एवढा मोठा बदल मला दुसरा माहीत नाही.

यातलं वाईट लपवायचं कारण नाही. रंग बहुतेक दुकानांतून चोरलेला असायचा. डब्यातले नकाशे आणि खिडक्या माखल्या की प्रवाशाला स्टेशन कळायचं नाही. धुण्याचा खर्च तिकीट काढणाऱ्यांवरच पडायचा.

पण छोट्या गुन्ह्याला माफी नको, या विचाराचं टोकही त्याच शहराने पाहिलंय. 15 सप्टेंबर 1983 च्या पहाटे मायकल स्ट्युअर्ट या पंचवीस वर्षांच्या तरुणाला फर्स्ट अॅव्हेन्यू स्टेशनवर पकडलं. भिंतीवर लिहीत होता, असा आरोप. ट्रान्झिट पोलिसांच्या ताब्यात असताना तो बेशुद्ध झाला आणि तेरा दिवसांनी गेला. खटला चाललेले सगळे अधिकारी 1985 मध्ये निर्दोष सुटले.

जिन्यातली भिंत रविवारी रंगवायची ठरली आहे, आणि ती रंगवायलाच हवी. ज्याने लिहिलं तो पुढे आला तर ब्रश त्याच्या हातात देऊ, मीही त्याच्याबरोबर उभा राहीन. पोलिसांत तक्रार देण्याच्या ठरावाला मात्र माझा विरोध आहे, आणि हा मजकूर मी काकांना आज रात्रीच पाठवतो आहे.