परत आलेल्या माणसाला टोमणे मारणं बंद करा

आज सकाळी डोकंच फिरलं. आमच्या बगिच्यात एक ताई बऱ्याच महिन्यांनी चालायला आल्या. सासूबाईंचं आजारपण, मग मुलीची दहावी, सगळं उरकून आलेल्या. पहिला राउंड पुरा व्हायच्या आत बाकावरच्या एका साहेबांनी आवाज दिला, "आल्या का बाप्पा! यंदाची हौस किती दिवसांची?" सगळे खो-खो हसले. ताईही हसल्या, आणि थोड्या वेळात निघून गेल्या.

काय मिळतं हो असं बोलून?

माझे बाबा रिटायर झाले त्याच वर्षी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. शेजारचे काका पहाटे बेल वाजवायचे, बाबा बूट घालून तयारच असायचे, आणि दोघं धरमपेठेतून फुटाळा तलावापर्यंत जाऊन यायचे. थंडीत मफलर, पावसाळ्यात छत्र्या, पण खंड नाही. मग काका मुलाकडे पुण्याला गेले आणि बेल बंद झाली. बाबांचं चालणं महिनाभरात सुटलं. नातेवाईक म्हणायला मोकळे, "भाऊजींमध्ये विल पॉवरच नाही." ज्या माणसाने आयुष्यभर सायकलने ऑफिस केलं, एकही दिवस उशिरा पोचला नाही, त्याच्यात विल पॉवर नाही?

व्हॉट्सॲपवर तर रोज ज्ञान येतं. एकवीस दिवस करा, सवय लागते. कोणी ठरवलं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधकांनी हे तपासलं, 2010 साली छापलंही. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18, तर कोणाला अंदाजे 254. आणि मधे एखादा दिवस हुकला म्हणून काही बिघडलं नाही. मग बाविसाव्या दिवशी ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याने स्वतःला नालायक का समजायचं?

हो, बहाणे करणारे असतात. रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहायचा आणि सकाळी पाय दुखतात म्हणायचं, हेही पाहिलंय. पण त्यांच्यासाठी बाकीच्यांना का सोलता?

आणि नागपुरात राहून नियमिततेवर भाषण देताना थोडा विचार तरी करा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्रीसुद्धा भिंती गरम असतात, कूलरसमोर कशीबशी पहाटे झोप लागते. घरात डबे, पाणी, म्हाताऱ्यांची औषधं ज्या बाईच्या गळ्यात आहेत, तिची सकाळ तिच्या मालकीची असते का? साहेबांना चहा आयता मिळतो, म्हणून त्यांचा राउंड चुकत नाही. हे लिहिताना हात थरथरून राहिले माझे, पण लिहिणारच.

बाबा परत कसे चालायला लागले, ते सांगते. भाषणाने नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एकट्याने रस्ता ओलांडायची भीती वाटायची. त्यांनी बाबांना विचारलं, "मला सोबत न्याल का?" दुसऱ्या दिवशी अलार्मच्या आधी बाबा उठले. आता त्यांची बेल कोणीतरी ऐकणार होतं. सुरुवातीला नुसतं कोपऱ्यापर्यंत, मग ट्रॅफिक पार्कपर्यंत, मग पुन्हा फुटाळा. दोघं हळूहळू चालत, गप्पा मारत. डॉक्टरांनी जे सांगून होत नव्हतं, ते एका हाकेने झालं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवसांत वाटली, तर रोज अर्धा तास. एवढं कोणाच्याही सोबतीने निघतं.

आमच्या वॉकिंग ग्रुपवर रोज गैरहजर लोकांची यादी पडते, हसणाऱ्या इमोजींसकट. ॲडमिननी ती आजपासून बंद करावी. उद्या कोण कोणाला घ्यायला जाणार, ते लिहा. उन्हाळ्यात साडेपाचलाच निघावं लागतं, सातनंतर चटके बसतात. धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगरकडे कोणाला एकट्याने निघवत नसेल, तर खाली कमेंटमध्ये वेळ लिहा. मी येते घ्यायला.